हमाल

मंगफ. रात्रीचे दोन वाजून दहा.
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबलाय,
तरी कीबोर्डवर धूळ आहेच,
बोट ओढलं की रेघ उमटते.

तीन दिवस हमाल बोललेला नाही.

हमाल म्हणजे आमच्या चॅनलवरचा बॉट.
नाव परकारांनी ठेवलं. म्हणाले,
मराठीत हमाल, अरबीतही हमालच,
कुणाला समजावत बसायला नको.
काम एकच : पहाटे पावणेपाचला सांगायचं
कुठली बस, कुठलं गेट, ड्रायव्हर कोण.
एकशे बारा माणसं त्याच्या भरवशावर
दाढी करतात, वेणी घालतात, डबा भरतात.

तीन दिवस ते मीच टाइप करतेय,
एक डोळा मिटलेला.
काल गेट सहा लिहिलं. नऊ होतं.
बेचाळीस माणसं चुकीच्या गेटला उभी राहिली
आणि कुणी मला अवाक्षर बोललं नाही.
ते जास्त लागलं.

म्हणून आज स्क्रिप्ट उघडून बसलेय.
मी टाइमकीपर. ही माझी विद्या नव्हे.
उसवलेला टाका शोधावा
तसं ओळीओळीवरून बोट फिरवते.
वेळ बरोबर.
चॅनलचं नाव बरोबर.
उघडलेले कंस आणि मिटलेले कंस, दोनदा मोजले.
मग लॉग. त्यात एकच वाक्य, तीन तीनदा, रोज :
या वापरकर्त्याला ही परवानगी नाही.

कुठल्या वापरकर्त्याला?
माझी पातळी चारशे.
मी कुणालाही बाहेर काढू शकते,
कुणाचंही तोंड बंद करू शकते.
एकदा केलंही होतं, मिसाळांचं,
चॅनलवर प्लॉट विकत होते.

मग दिसलं.
हमाल माझ्या नावाने बोलतच नाही.
ज्याने ओळ लिहिली त्याच्या हुकमाने ती चालते,
आणि परकारांचं नाव यादीतून
रविवारी कुणीतरी पुसलं.

कुणीतरी म्हणजे मी.
ऑफिसचा मेल होता, गेलेल्यांची खाती बंद करा.
सात नावं. हे चौथं.
चहा पिता पिता उरकलं होतं.

त्यांच्या स्क्रिप्टमध्ये मधेच एक टीप आहे,
यंत्र ती वाचत नाही, माणसांसाठी लिहिलेली :
'खालची ओळ काढू नये. कशाला आहे
ते मलाही आठवत नाही, पण काढली की बंद पडतं.
इ. परकार.'

बाणकोटात आता पाच वाजत आले असतील.
फजरला उठले असतील,
किंवा डायलिसिसचा दिवस असेल तर आधीच.
विचारू का, नको, असं करत विचारलं.
उत्तर आलं : 'कुठली ओळ?'
आणि पाच मिनिटांनी,
'बसा वेळेवर सुटतात ना गं?'

हो, लिहिलं मी.

मग अकरा जागी त्यांचं नाव होतं
तिथे माझं घातलं.
पहिल्या चार जागी हात अडखळला,
पुढच्या सात सवयीने झाल्या.
टिपेखालची सही तेवढी राहू दिली.
ती कुठलंच दार उघडत नाही.
खालच्या ओळीलाही हात लावला नाही.

पावणेपाच.
गेट नऊ. बस चौदा. ड्रायव्हर शमसुल.
आणि खाली, मी न लिहिलेलं,
'पाण्याची बाटली घेतली का?'
जून लागला होता आज.
ती ओळ त्यासाठी होती.

लगेच कुणीतरी लिहिलं,
'परकारभाई, आलात का परत?'

माझी पातळी चारशे.
ते वाक्य मला पुसता आलं असतं,
त्याला उत्तरही देता आलं असतं.
मी बाटली भरायला उठले.